दाजींचा गिबन

"गिबनांचे गट चारच, आणि चारही मी डोळे मिटून ओळखतो," असं आमच्या दाजींनी प्राणिसंग्रहालयात जाहीर केलं आणि नव्या पिंजऱ्यावर पाटी ठोकली: 'काळू. शेंडीवाला गिबन. नर.' ओळखला तो बहुधा डोळे मिटूनच. कारण पुढे काळू हळूहळू सोनेरी झाला, आणि शेंडीवाल्यांत वयात येऊन सोनेरी होते ती मादी.

पाटी बदलली. पण बाईंना जोडीदार हवा, तोही त्यांच्याच प्रजातीचा. शेंडीवाल्यांत प्रजाती बऱ्याच, माद्या मात्र एका साच्यातल्या. ओळख पटते ती गाण्यावरून. आणि एकटी बाई गाणार कोणासाठी? गाणं नाही म्हणून स्थळ नाही, स्थळ नाही म्हणून गाणं नाही.

शेवटी दाजीच नर झाले. रोज पहाटे पिंजऱ्यापुढे उभे राहून ते नराची आरोळी ठोकत. रेकॉर्डर माझ्या हातात. वर दोरावरून बाई लांबलांब हातांनी अशा सरकायच्या, की धुक्याचाच एक सोनेरी तुकडा सुटून निघालाय असं वाटावं. एके दिवशी बाईंनी सूर लावला. तो चढू लागला, आणि दाजी आनंदाने मध्येच ओरडले. बाई गप्प. मग रोज तेच.

"अहो, तिचं होऊ तरी द्या!" एकदा सोबत आलेली ताई म्हणाली.

"मी साथ देतोय."

"घरीही साथच देता. लग्नापासून माझं एक वाक्य पुरं झालेलं नाही. मादीची तान संपेपर्यंत नर गप्प असतो, हे तुम्हीच शिकवता ना लोकांना?"

"शिकवणं वेगळं."

दुसऱ्या पहाटे ताईने त्यांचा हात घट्ट धरला. सूर उठला. झाडं, कुंपण, तिकीटखिडकी, सगळं त्याच्यासोबत जमिनीपासून जरा वर उचलल्यासारखं झालं. दाजींनी डोळे मिटले, ओठही मिटले. तान शिखरावर जाऊन थरथरली, विरली. मग दाजींनी अगदी हळू, शेवटचं छोटंसं उत्तर दिलं.

"ओळखली," ते डोळे न उघडताच पुटपुटले. "आजच बाकीच्या प्राणिसंग्रहालयांना कळवतो. येईल तिचा जोडीदार."

ताईने हात अजून सोडला नव्हता.

"अहो," ती म्हणाली.

दाजी गप्प राहिले. ती थोडी गोंधळली. पुढे बोलायची सवयच नव्हती.

"वाटेत बाथरूमचा बल्ब तेवढा घेऊ."