वळणापुरतं पेट्रोल

सुबोध राणेच्या गॅरेजमधून नीट होऊन गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी पुन्हा कधी येत नाही, असं सुबोध स्वतःच सांगायचा, आणि मुलुंडच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याला खोडून काढायच्या फंदात कुणी पडत नसे. पुरावा म्हणून तो आपल्या जुन्या स्कूटरकडे बोट दाखवायचा. "हिच्यात शेवटचं पेट्रोल कधी टाकलं, मला आठवत नाही. कार्बोरेटरला असा हात लावलाय, की बाई नुसत्या वासावर चालते." ऐकणारे चहा पिता पिता माना डोलवायचे. आणि नेमकी त्याच्याच पोरीची गाडी दोनदा त्याच्या हाताखालून गेली आणि दोन्ही वेळा तेच दुखणं घेऊन परत आली.

गाडी म्हणजे लाल रंगाची, बसकी, दोनच सीटची जुनी स्पोर्ट्स कार. प्रांजलने नोकरीच्या पैशांतून ती घेतली तेव्हा सुबोधने घर डोक्यावर घेतलं होतं. "दोन सीट? मग तुझी आई आणि नाना काय टपावर बसणार?" पण हट्टाच्या बाबतीत पोरगी बापावर गेली होती. खोपोलीच्या पुढे एका बंद कारखान्याच्या मोकळ्या आवारात हौशी लोकांच्या क्लबने ट्रॅक आखला होता. दर रविवारी प्रांजल तिथे घड्याळाशी शर्यत लावायला जायची. पहिल्या रविवारी सुबोध 'पोरीवर लक्ष ठेवायला' म्हणून शेजारच्या सीटवर बसून गेला. दुसऱ्या रविवारी पान्यांची पेटी घेऊन गेला. तिसऱ्या रविवारी प्रांजलच्या आधी आंघोळ करून खाली उभा होता.

खरं सांगायचं तर त्या रविवारांनी सुबोधला त्याची लेक परत मिळाली होती. दहावीनंतर ती त्याच्याशी 'हो', 'नाही' आणि 'जेवले' एवढंच बोलायची. आता जाता-येता गिअर, टायर, तिचा खडूस बॉस, तिच्या मैत्रिणीचं मोडलेलं लग्न, असं सगळं निघायचं. सुबोधला ते फार आवडायचं. मात्र हे त्याने बायकोलासुद्धा कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणि आता नेमकं तेच हातचं जायची वेळ आली होती. ट्रॅकवर उजवीकडे वळणारं एक लांबलचक वळण होतं. क्लबवाले त्याला 'जिलेबी' म्हणत. जिलेबीच्या मध्यावर पोचलं की प्रांजलच्या गाडीला ठसका लागायचा. इंजिन क्षणभर गप्प व्हायचं आणि मग एकदम हिसका देऊन चालू व्हायचं. पहिल्या वेळी सुबोधने फिल्टर बदलला. दुसऱ्या वेळी जोरदार नवा पंप बसवला. मुलुंडच्या रस्त्यांवर गाडी लोण्यासारखी चालली आणि जिलेबीवर पुन्हा ठसकली.

"पप्पा, आता माझा पाय वळणाच्या आधीच आपोआप वर येतो," गुरुवारी जेवताना प्रांजल म्हणाली. "मी भित्री झालेय यार. मजा गेली सगळी. सोमवारी एक माणूस येतोय गाडी बघायला. या रविवारी बंद पडली ना, तर देऊन टाकणार."

"पडणार नाही," सुबोध म्हणाला.

त्या रात्री त्याने तिच्या मोबाइलवरचा गाडीच्या आतला व्हिडिओ मागून घेतला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. इंजिनचा आवाज ऐकून काही कळेना. मग त्याचं लक्ष खाचेत ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे गेलं. बाटली पावभर भरलेली होती. गाडी उजवीकडे वळली, पाणी डावीकडे चढलं, उजवीकडचा तळ कोरडा पडला आणि तेवढ्यात ठसका लागला. सुबोधने कपाळावर हात मारून घेतला. टाकीतलं पेट्रोलही असंच एका अंगाला पळत होतं आणि पंप बिचारा हवा ओढत होता. पंप कितीही तगडा असला तरी त्याच्या तोंडाशी पेट्रोलच नसेल तर तो पाजणार काय?

"पण मी दर शुक्रवारी अर्धी टाकी भरते," प्रांजल म्हणाली. "तिथे पोचेपर्यंत पाव उरते. पितेच तेवढी."

"स्पोर्ट्स कार आहे, पिणारच," सुबोध म्हणाला. टाकी पूर्ण भरली तर गाडी जड होते आणि घड्याळाशी हरते, म्हणून तो उपाय दोघांनीही बाजूला सारला. दुसरा उपाय होता सर्ज टँक. उभट, अरुंद असा ॲल्युमिनियमचा डबा. काढून ठेवलेला जुना पंप मोठ्या टाकीतून पेट्रोल उपसून या डब्यात टाकणार, डबा भरून वाहिला की जास्तीचं परत मोठ्या टाकीत जाणार, आणि नवा पंप डब्याच्या तळातून इंजिनला पाजणार. मोठ्या टाकीत काहीही गोंधळ होवो, हा डबा कायम भरलेला.

"म्हणजे आपली मोरीतली कळशी," सुबोधची बायको जानकी म्हणाली. "नळ गेला तरी कळशी भरलेली." सुबोधने हे आपल्याला आधी का सुचलं नाही म्हणून तिच्याकडे जरा रागानेच पाहिलं.

शुक्रवारी इस्टेटमधल्याच वेल्डिंगवाल्याकडून त्याने डबा करून घेतला. शनिवारी सकाळी बापलेक दोघंही गॅरेजात कामाला लागली. आधी मोठी टाकी रिकामी करायला हवी होती. प्रांजलने आदल्या संध्याकाळीच नेहमीसारखी अर्धी टाकी भरली होती, म्हणजे चार कॅन भरायला हवे होते. तीनच भरले.

सुबोधने टाकीवर टिचक्या मारून पाहिल्या. पाइप हलवून पाहिला. चौथ्या कॅनमध्ये थेंब पडला नाही.

"लीक आहे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. पेट्रोलची गळती आणि तापलेला सायलेन्सर एका गाडीत म्हणजे खेळ नव्हे. "लीक सापडेपर्यंत गाडी हलणार नाही, प्रांजू."

"उद्या?"

"उद्या नाही म्हणजे नाही."

प्रांजलने हातमोजे काढले आणि नीट घडी करून बाकावर ठेवले. त्याने गाडीखाली झोपून एकेक जोड बोटाने चाचपला. सगळे कोरडे. वाससुद्धा नाही. शेवटी, गाडी रात्री जिथे उभी असते तिथली फरशी तरी बघू, म्हणून त्याने लेकीला स्कूटरवर मागे बसवलं आणि घर गाठलं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो गुडघ्यांवर बसून बॅटरीने फरशी न्याहाळत होता, तेव्हा समोरच्या बाकावर पेपर वाचत बसलेल्या नानांनी चष्म्यावरून पाहिलं. नाना म्हणजे त्याचे वडील, दशरथ राणे. गिरणीत होते, आता पंच्याहत्तरी ओलांडली होती, आणि घरातलं कोण काय करतंय यावर त्यांची बारीक नजर असे.

"काय शोधतंस रे?"

"पेट्रोल गळतंय नाना. एक कॅन गायब आहे."

नानांनी पेपर घडी केला, पुन्हा उघडला, पुन्हा घडी केला. "गळूक नाय," ते अखेर म्हणाले. "मी काढलंय."

"तुम्ही?"

"दर शुक्रवारी काढतंय. एक कॅन. माझ्याकडे पंपवाली नळी आसा, दोन्ही टोपणांच्या जादा किल्ल्या आसत."

"आणि टाकता कुठे?"

नानांनी नुसतं बोट दाखवलं. सुबोधने वळून पाहिलं. पलीकडे त्याची स्कूटर उभी होती, नुसत्या वासावर चालणारी. प्रांजलने तोंडावर हात दाबला, पण हसू काही तिला आवरेना, आणि हसता हसता ती तिथेच फरशीवर बसली. सुबोधच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढ्या माणसांना त्या कार्बोरेटरच्या गोष्टी ऐकवल्या होत्या!

"नाना, पण का?" त्याने विचारलं.

"तुका आठवूचा नाय. तू चार वर्षांचा होतास," नाना म्हणाले. मग नेहमी बोलायचे त्यापेक्षा हळू बोलू लागले. "चाळीत होतो आपण, काळाचौकीला. तुला ताप चढला, अंग ताठ झालं, डोळे फिरले. मी तुला खांद्यावर टाकून खाली आलो, स्कूटरला किक मारली. एक मारली, दोन मारल्या. टाकीत थेंब नाही. कुणीतरी नळी घालून सगळं ओढून नेलेलं. तुला घेऊन हॉस्पिटलपर्यंत धावलो रे मी. अनवाणी. वाटेत तू हलायचा थांबलास, तेव्हा मला वाटलं..." ते थांबले. "त्या दिवशी ठरवलं. घरातली एक गाडी तरी कायम भरलेली पाहिजे. ही स्कूटर माझ्या खिडकीखाली असते, टोपणाला कुलूप आहे. कधी काही झालं तर किक मारली की निघायचं. तू आपला महिना महिना पेट्रोल टाकत नाहीस. मग कुणी टाकायचं? पंपावर कॅनात देत नाहीत, म्हणून प्रांजूच्या गाडीतून काढलं."

सुबोधला बोलायचं होतं. गॅरेज आहे, रिक्षा आहेत, फोन केला की दाराशी गाडी येते, हे सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण इतके दिवस कुणीतरी आपल्यासाठी टाकी भरत होतं आणि आपण त्याचं श्रेय कार्बोरेटरच्या एका पितळी स्क्रूला देत होतो, हे त्याच्या मनात आलं. तो नानांच्या शेजारी बाकावर बसला.

"पप्पा," प्रांजल डोळे पुसत म्हणाली, "नानांनी तर केव्हाच सर्ज टँक बसवलाय. आपल्या घराला."

दुपारी त्यांनी तसाच गाडीलाही बसवला. डिकीत डबा घट्ट आवळला, पाइप जोडले, दोन्ही पंप चालू करून एकेक जोड तपासला. सुबोधने तीनच कॅन परत टाकीत ओतले आणि चौथ्याचं नावसुद्धा काढलं नाही. "टाकी खाली असतानाच कळू दे, डबा काय करतो ते."

रविवारी नानांनी फर्मान काढलं की तेही येणार. सीट दोनच. त्यामुळे नाना दिमाखात प्रांजलच्या शेजारी बसले, आणि सुबोध पान्यांची पेटी पायाशी घेऊन जुन्या रस्त्याने मागून स्कूटरवर निघाला. स्कूटरची टाकी अर्थातच काठोकाठ भरलेली होती.

ट्रॅकच्या कठड्याशी नाना आणि सुबोध उभे राहिले. प्रांजलची पहिली फेरी आली. जिलेबीच्या तोंडाशी आवाज खाली उतरला. ठसका नव्हता. तिचाच पाय वर आला होता, सुबोधला कानाने कळलं. दुसऱ्या फेरीतही तसंच. डबा भरलेला आहे, पोरी, तो मनात म्हणत होता, दाब की. तिथून ओरडून काही उपयोग नव्हता. डबा त्याने बसवला होता, पाय मात्र तिचा होता.

तिसऱ्या फेरीला लाल गाडी वळणात शिरली आणि आवाज तसाच राहिला. वळण संपत नव्हतं आणि आवाजही तुटत नव्हता. मध्यावर आली, मध्य ओलांडला, आवाज उलट चढत गेला, आणि गाडी सरळ रस्त्याला लागून सुसाट निघाली. नानांनी सुबोधचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं उमटली.

"थांबली नाय," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "थांबली नाय रे, सुबोधा."

"नाही थांबली, नाना."

प्रांजल परतली, हेल्मेट काढलं आणि घामेजल्या केसांनी बापाच्या गळ्यात पडली. त्या सोमवारच्या माणसाला तिने तिथूनच, सुबोधच्या खांद्याला टेकून, येऊ नका म्हणून कळवून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी दिवेलागणीला नाना नळी आणि कॅन पिशवीत लपवून खाली उतरले, तर प्रांजल गाडीच्या टोपणाची किल्ली घेऊन आधीच तिथे उभी होती. पाठोपाठ सुबोधही आला. त्याच्या हातात स्कूटरची किल्ली होती.

नाना जरा ओशाळले. मग त्यांनी पिशवीतून नळी उघड उघड बाहेर काढली आणि घसा खाकरून विचारलं, "बोल. गाडीत किती ठेवू?"

"वळणापुरतं," प्रांजल म्हणाली.

आणि सुबोधने वाकून स्कूटरच्या टाकीचं कुलूप काढलं.