वजिराबादची खिडकी

एखाद्या गावात नातेवाईक असताना तिथे लॉजवर उतरणं म्हणजे आमच्याकडे त्या नातेवाइकाच्या तोंडात मारल्यासारखं. म्हणून नांदेडला पोचल्यावर आत्याच्या धम्मानंदला कळवायचं नाही, असं मी बाबांना बसमध्येच बजावलं होतं. बाबांनी मान डोलावली. ती ते कशालाही डोलावतात.

खोली मायसाठी घेतली होती. स्वतःच्या लग्नाचा बस्ता बांधायला ती हदगावहून नांदेडच्या वजिराबादला आली होती. निजामाच्या काळापासूनचा तो रस्ता, कापडाची आणि सोन्याची दुकानं, नटूनथटून नुसतं हिंडायला आलेली माणसं. दिवे लागायला आणि तिच्या वडिलांनी बस गाठायला तिला ओढत न्यायला एकच गाठ पडली. त्यानंतर ती नांदेडला आली ती दवाखान्यासाठी, नाहीतर मयतीला. "एकदा तिथं निवांत बसून बघायचं हाय," एवढंच म्हणायची. या वेळीही गुडघ्याच्या डॉक्टरांचं निमित्त होतं, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी. लातूरला क्लासमध्ये पोरांना शिकवून शिकवून मलाही जरा नियोजन जमायला लागलंय.

हॉटेल रस्त्यालगतच्या गल्लीत, पण आमच्या खिडकीतून थेट वजिराबादचा रस्ता दिसायचा. मी पडदा सरकवायला गेले तर मायनं हात धरला.

"थांब गं लुंबिनी. दिवे लागू दे. उन्हात काय बघायचं?"

तिनं ठेवणीतली साडी नेसली, केस विंचरले, खुर्ची ओढली आणि बंद पडद्याकडे तोंड करून बसली. मला हसू आलं. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती.

तेवढ्यात बाबांचा आवाज आला. दाराबाहेर उभं राहून ते फोनवर सांगत होते, "वजिराबादला उतरलोय. लिफ्ट हाय, एसी हाय." बढाई मारायला त्यांना अख्ख्या नांदेडात धम्मानंदच सापडला.

थोड्याच वेळात तो हजर. "जयभीम मामी," म्हणाला आणि बाबांकडे वळला. "मामा, सिडकोत माझं घर असताना तुम्ही लॉजवर? नाक कापलं की माझं. मनिषा तिकडं सैपाकाला लागली."

"पोरीचं डोकं हाय हे," बाबा म्हणाले आणि टॉवेलची घडी घालायला लागले.

मी म्हटलं, माय इथंच राहणार. धम्मानंदचा चेहरा उतरला. बाबा माझ्यावर डाफरले, "नातं तोडून राहिली का?" मी काही बोलणार तोच माय उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला."

रिक्षा वजिराबादच्या रस्त्यावरूनच निघाली. दिवे नुकतेच लागले होते. मागे एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला धम्मानंद, मध्ये माय, तिच्या मांडीवर आमची बॅग. पुढे ड्रायव्हरशेजारून मी म्हटलं, "माय, बघ."

"दिसतंय," ती म्हणाली. ती बॅगेकडे बघत होती.

सिडकोत मनिषावहिनीनं खरंच मनापासून केलं. माय ठेवणीतल्या साडीचा पदर खोचून तिच्या शेजारी भाकरी थापत बसली.

हदगावला परतल्यावर भाच्यानं कसं लॉजवरून उचलून नेलं, ते बाबा अंगणात सगळ्यांना रंगवून सांगत होते. शेजारची साखराबाई मायला म्हणाली, "नशीबवान हायेस भामाबाई. किती मायेची माणसं तुझी."

"हाव," माय म्हणाली. "मायेची लई हायेत. माझं ऐकणारं एक न्हाई."

बाबा बोलायचे थांबले. खाली बघत म्हणाले, "पुढल्या महिन्यात जाऊ की. कुणाला सांगत न्हाई मी."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर मीही दोनदा विचारलं, खोली बघते म्हटलं. दोन्ही वेळा ती अगदी शांतपणे म्हणाली, "कशाला गं? रस्ताच तर हाय तो."