दोनाऐवजी चार चमचे

शिट्टी वाजली आणि अकरा रंगीत टोप्या एकाच वेळी पाण्यात घुसल्या. मावशी होडीत ताडकन उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "चल गं भिंगरे! चल!"

होडी अशी काही डुलली की नावाड्याने वल्हं सोडून कड धरली. "बाई, खाली बसा आधी! तुम्ही पडलात तर शर्यत तिची आणि पोहणं तुमचं!"

मावशी बसली, पण तिचं मन काही बसेना. अठरा किलोमीटरचं तळं, या काठापासून त्या काठापर्यंत. भिंगरी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी, वय वर्षं एकोणीस. लहानपणी एका जागी कधी टिकायची नाही, म्हणून हे नाव पडलं आणि ते तसंच राहिलं. प्रत्येक पोहणाऱ्यामागे एक होडी, होडीत एक नावाडी, एक पंच आणि खायला-प्यायला देणारं घरचं एक माणूस. पोहणं शिकवणाऱ्या सरांचे तिघे जण शर्यतीत होते, त्यामुळे ते दुसऱ्याच होडीत बसले होते. भिंगरीने मावशीचं नाव दिलं होतं. "तू बावीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात माणसांना उभं करतेयस, मला काय पाच तास पोहत ठेवता येणार नाही?" असं म्हणून तिने मावशीला घोळात घेतलं होतं.

आणि मावशीने कामही मनापासून केलं होतं. चार महिने सरावात सगळं करून पाहिलं होतं. केळं कुस्करून चालतं, अख्खं नाही. उकडलेला बटाटा मीठ लावून, तोही घासाएवढा. मध घशाला चिकटतो. मीठ घातलेलं भाताचं कोमट पाणी पोटाला बरं वाटतं. सरांनी हे सगळं एका कागदावर लिहून दिलं होतं. दर अर्ध्या तासाला एक पेला, एका बाटलीत ताकदीच्या भुकटीचे दोन चमचे, आणि खाली मोठ्या अक्षरात: शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही.

पहिला पेला अर्ध्या तासाने गेला. नियम असा की पोहणाऱ्याने होडीला किंवा होडीतल्या माणसाला हात लावायचा नाही, लावला की बाद. म्हणून एका लांब काठीच्या टोकाला पेला अडकवायचा आणि काठी पुढे करायची. भिंगरीने पाठीवर वळून पेला घेतला, गटागटा प्यायली, तोंड जरा वाकडं केलं आणि निघाली.

"आठ सेकंद," पंचबाई वहीत लिहीत म्हणाल्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. "मिनिटाला सहासष्ट हात. छान आहे."

मावशीची छाती फुगली. तासाभराने भिंगरीची पिवळी टोपी तिसरी होती, दोन तासांनी दुसरी. पुढे फक्त लाल टोपी, तीही हाकेच्या अंतरावर. मावशी काठीनेच होडीच्या तळावर ठेका धरू लागली. नावाडीही रंगात आला. "पोरगी पाणी कापते की कापड!" तो म्हणाला.

अडीच तासांच्या पेल्याला मात्र भिंगरीने अर्धंच घेतलं. "नको," ती म्हणाली. पुढच्या वेळी तिने पेला नुसता ओठाला लावला, आणि पाच-सहा हात मारून ती थांबली आणि जे प्यायलं होतं ते सगळं उलटून पडलं.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

"चोपन्न हात," पंचबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने, "अठ्ठेचाळीस."

एक निळी टोपी शेजारून निघून गेली. मग आणखी दोन. भिंगरी पाचवी झाली. तिचे हात पाण्यावर जड पडत होते, ओल्या चादरी पडाव्यात तसे.

"प्यायला घे गं थोडं!" मावशीने काठी पुढे केली.

"वास नको त्याचा!" भिंगरी रडवेली झाली होती. "माझ्यात दमच नाही मावशी. उगीच आले."

पंचबाईंनी वही मिटली आणि ती भानावर आहे का ते बघायला वाकून विचारलं, "मुली, तुझ्या घराच्या दाराचा रंग कुठला?"

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. "हिरवा... नाही. मावशी, कुठला गं?"

पंचबाई मावशीकडे वळल्या. आवाज मऊ होता, पण शब्द पक्के. "पंधरा मिनिटं देते. सुधारली नाही तर मला तिला वर घ्यावं लागेल."

पंधरा मिनिटं! तिने बाटली उचलली, उजेडात धरली. पाणी कसलं, पाकच होता तो. आणि पहाटेचं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. दोन चमचे घालून झाले होते. मग तिला वाटलं होतं, एवढं अठरा किलोमीटर जायचंय लेकराला, दोनाने काय होतंय? आणि प्रत्येक बाटलीत तिने आणखी दोन घातले होते. अति तिथे माती! इस्पितळात एखाद्या नवशिक्या मदतनिसाने अशक्त रोग्याला असं घट्ट काही दिलं असतं, तर तिने त्याला उभं-आडवं झापलं असतं. थकल्या पोटाला पातळ द्यायचं, थोडं द्यायचं, पण पुन्हा पुन्हा द्यायचं, हे तीच तर सगळ्यांना शिकवायची.

लाज वाटायला आता वेळ नव्हता.

"भिंगरे!" ती होडीच्या कडेवर ओणवी होऊन ओरडली. "ऐक! तुझ्यात काही कमी नाही. चूक माझी आहे! मी दोनाऐवजी चार चमचे घातले!"

भिंगरी पाण्यात उभी पाय मारत होती. "काय?"

"चार! प्रत्येक बाटलीत! तुझं पोट तुंबलंय, दम नाही संपला!"

भिंगरीच्या चेहऱ्यावर राग आला, आणि रागाच्या मागोमाग हसू. "दुप्पट? मावशी, तू मला मारायला निघालीस की पोहवायला?"

"नंतर भांड माझ्याशी. आता साधं पाणी घे. चूळ भर, दोन घोट पी, बास."

भिंगरीने चूळ भरली. दोन घोट प्यायली. मावशी घड्याळाकडे बघत राहिली. तीन मिनिटं गेली, ते पोटात टिकलं. मग तिने थर्मासमधलं भाताचं पाणी काढलं. कोमट, पातळ, मीठ घातलेलं. पाव पेला, जास्त नाही.

"आणखी दे."

"नाही. पाच मिनिटांनी." हे म्हणताना तिचा जीव तुटत होता, पण हात आवरला.

पाच मिनिटांनी आणखी पाव पेला. मग घट्ट बाटलीतलं थोडंसं तिप्पट पाण्यात मिसळून, दोनच घोट. पंचबाई घड्याळ धरून मोजत होत्या. "पन्नास. त्रेपन्न." त्या पुन्हा वाकल्या. "मुली, दाराचा रंग?"

"पिवळा!" भिंगरी तोंडातलं पाणी थुंकून ओरडली. "आणि कडी मोडकी आहे, बाबा अजून दुरुस्त करतायत!"

नावाडी खो खो हसला. पंचबाईंनी वही उघडली आणि लिहायला घेतलं. मावशीने डोळे पुसले आणि केळं कुस्करायला घेतलं.

पुढचा दीड तास तिला श्वास घ्यायची उसंत नव्हती. दर दहा मिनिटांनी काठी पुढे. कधी भाताचं पाणी, कधी पातळ केलेलं गोड, कधी चमचाभर केळं. सरांच्या कागदावर दहा मिनिटं कुठेच नव्हती, पण सरांच्या कागदावर चार चमचेही नव्हते. साठ हात झाले. मग चौसष्ट. एक टोपी मागे पडली, मग दुसरी. निळ्या टोपीच्या होडीतला माणूस वळून वळून बघू लागला, तशी मावशी त्याला म्हणाली, "मागे काय बघता, पुढे बघा, आम्ही तिथेच येतोय!"

शेवटचा किलोमीटर. काठावरच्या ठिपक्यांची माणसं झाली, मग त्यांना हात-पाय फुटले. भिंगरीने निळीला गाठलं. दोघी बरोबरीने, हाताला हात. मावशीने शेवटचा पेला पुढे केला. भिंगरीने मान हलवली, नको. तेवढे आठ सेकंद तिला द्यायचे नव्हते.

"सत्तर!" पंचबाई ओरडल्या. ओरडल्या! मग स्वतःच चपापून खाली बसल्या.

"हाण गं! हाण!" नावाडी, मावशी, काठावरची सगळी गर्दी. लाल टोपी आधीच शेवटच्या दोरीला पोचली होती, तिला कोणी गाठणार नव्हतं. पण दुसरा नंबर मोकळा होता. निळी आणि पिवळी, निळी आणि पिवळी. भिंगरीचा हात वर गेला आणि दोरीवर आपटला.

दुसरी! एका हाताच्या फरकाने, पण दुसरी!

मावशी काठावर कशी उतरली ते तिला आठवत नाही. भिंगरी तीन टॉवेलांत गुंडाळलेली, ओठ निळे, दात वाजतायत, आणि तोंडभर हसतेय. थोरली बहीण लेकीला कवटाळून रडत होती. सर धावत आले.

"मधे पाचवी होती, मी लांबून पाहिलं! काय दिलंत तिला तुम्ही?"

मावशीने सांगायला तोंड उघडलं, पण ओरडून ओरडून तिचा आवाज पार बसला होता. नुसती हवा बाहेर आली.

"आधी जास्त दिलं, सर," भिंगरी दात वाजवत म्हणाली. "मग बरोब्बर दिलं."

सरांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने मान खाली घातली आणि चार बोटं वर केली. सरांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला, आणि ते काही बोलणार एवढ्यात भिंगरी म्हणाली, "ते रागवायचं उद्या ठेवा सर. आधी कुणीतरी मला तो मिठाचा बटाटा द्या. अख्खा!"