अक्षरे पुसलेला कीबोर्ड

मित्रांनो, माझ्याकडे नीट पाहा. अंगावर एकही अक्षर उरलेले नाही, पाठीला चिकटपट्टी आहे आणि मागचा एक पाय मोडला आहे. तरीही मी कीबोर्डच आहे. आणि सांगतो, जेवढी भांडणे मी पोटात ठेवली, तेवढी तुमच्या अख्ख्या गल्लीत झाली नसतील.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. माझी रवानगी झाली प्रिंटर दुरुस्तीच्या एका दुकानात. मालकीणबाई स्वतः मेकॅनिक. दिवसभर त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर असे आणि सवड मिळाली की बोटे माझ्यावर. इंटरनेटवर प्रिंटर दुरुस्त करणाऱ्यांचा एक मोठा गट होता. कुणाचे काम अडले की त्याने तिथे विचारायचे आणि जाणत्याने सांगायचे. तो गट बाई सांभाळत. तिथे सगळे त्यांना ताई म्हणत.

ताई मनाने मऊ, पण डोके तापट. कुणी अर्धवट प्रश्न विचारला की ‘अक्कल गहाण ठेवलीत का?’ असे खरमरीत उत्तर त्या पूर्ण लिहून काढत. मग उठत, ग्लासभर पाणी पीत आणि परत येऊन माझ्या उजव्या कोपऱ्यातले खोडायचे बटण दाबून धरत. सगळे साफ! त्यानंतर शांतपणे लिहीत, ‘मशीनचा नंबर सांगाल का?’ गटात भांडणे होत नाहीत म्हणून लोक ताईंची वाहवा करत. मी मनात म्हणे, त्यातली अर्धी माझी.

त्या गटात एक मास्तर आले. ते अंध मुलांच्या शाळेत शिकवत. मुलांचे पेपर जाड कागदावर उठावाच्या ठिपक्यांनी छापणारा त्यांचा प्रिंटर बिघडला होता. डाव्या बाजूचे ठिपके उमटतच नव्हते आणि सहा दिवसांवर परीक्षा. आमच्या गटाची एक रीत होती, उत्तर म्हणजे फोटो. ढिल्या करायच्या स्क्रूभोवती लाल गोल काढायचा, फोटो टाकायचा, काम संपले. मास्तरांनाही तसाच फोटो मिळाला. तरी त्यांनी पुन्हा विचारले, ‘नेमका कोणता स्क्रू?’ ‘फोटोत बघा,’ असे उत्तर आले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले, मग चौथ्यांदा.

ताईंच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबले होते. त्यांनी लिहिले, ‘मास्तर, जरा डोळे उघडून बघा. आम्हाला दुसरी कामं आहेत.’ सवयीने त्या पाणी पिऊन आल्या. खोडायचे बटण दाबले, तर ते हलेना. ताईंच्या सासूबाई माझ्या शेजारी बसून बिस्किटे खात, त्यांचा चुरा त्या बटणाखाली जाऊन बसला होता. मी जीव एकवटला, पण काही होईना. गिऱ्हाइकाने हाक मारली आणि वैतागून ताईंनी ते वाक्य तसेच पाठवून दिले. पाचेक मिनिटांत एकोणीस जणांनी त्यावर हसून घेतले.

मास्तरांनी पाचव्यांदा विचारले नाही. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला.

‘ताई, डोळे उघडेच आहेत, पण मला दिसत नाही. माझा कॉम्प्युटर मला अक्षरं वाचून दाखवतो, फोटो नाही. मी आधीच सांगायला हवं होतं. परीक्षेला चार दिवस राहिलेत.’

ताईंनी तो दोनदा वाचला आणि खुर्चीत मटकन बसल्या. सासूबाई म्हणाल्या, “उचलली जीभ, लावली टाळ्याला! झालं ना?”

“बटण अडकलं होतं, आई.”

“बटण अडकलं होतं. पाठवलं कुणी?”

मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ताईंनी मला उलटा करून झटकले, चुरा काढला आणि माफी लिहिली. एकट्या मास्तरांना नव्हे, तर जिथे एकोणीस जण हसले होते, तिथेच. मग ओळखीच्या दुकानातून तसलाच प्रिंटर आणला, डोळे मिटून नुसत्या हातांनी तो उघडला आणि बोटांना जे जे लागले ते माझ्यावर लिहिले: ‘मागच्या कडेवरून डावीकडे बोट न्या. दोन खाचा सोडा. तिसरीत गार, गोल डोके लागेल. तोच स्क्रू.’ दुसऱ्या दिवशी मास्तरांचे उत्तर आले, ‘उमटले!’ मुलांची परीक्षा वेळेवर झाली. त्या दिवसापासून गटात नुसता फोटो टाकणे बंद झाले आणि हसलेल्यांपैकी बरेच जण आपले जुने फोटो शब्दांत लिहू लागले.

पुढे माझी अक्षरे पुसली. नवा कीबोर्ड आला आणि मी कपाटावर दोन वर्षे धूळ खात पडलो. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटले. मग एकदा मास्तरांचा फोन आला. शाळेला जुने कीबोर्ड हवे होते. ताईंनी मला खाली काढले आणि त्या ओशाळल्या.

“मास्तर, एक आहे, पण त्याच्यावर एकही अक्षर राहिलेलं नाही हो.”

मास्तर मोठ्याने हसले. “मग तो आमचाच की!”

आता मी त्यांच्या शाळेत असतो. इथे मला कुणी जुना म्हणत नाही. माझ्या मधल्या रांगेतले दोन बारीक उंचवटे मुले बोटांनी शोधतात आणि तिथून सगळी अक्षरे त्यांना सापडतात. खोडायचे बटण मास्तर पहिल्याच दिवशी दाखवतात.

मित्रांनो, पलीकडे कोण बसले आहे, हे लिहिणाऱ्याला कधीच दिसत नाही. म्हणून रागाने लिहिलेत तरी लगेच पाठवू नका. आणि हो, माझ्यावर बिस्किटे खाऊ नका.

काल एक लहान मुलगी मैत्रिणीवर चिडून माझ्यावर काहीतरी धडाधड लिहीत होती. मध्येच थांबली. उठून पाणी पिऊन आली. मग तिचे बोट माझ्या उजव्या कोपऱ्याकडे सरकले आणि तिने ते बटण बराच वेळ दाबून धरले.