लांब कॉइल

"दाट की पातळ?" विजेच्या सामानाच्या दुकानातल्या ल्युबिंकोने विचारलं.

"काय दाट?" मिलिसाव खेकसला. माझ्या नवऱ्याला दुकानात कोणी प्रश्न विचारलेले आवडत नाहीत.

"हंड्यात काय घालणार, काका? गाळलेला रस की फळांचा रगडा?"

"आलुबुखारे. साल, गर, सगळं. गाळत बसायला मी काय दवाखाना उघडलाय?"

ल्युबिंकोने टेबलावर हंडा विजेवर तापवायच्या दोन कॉइल ठेवल्या. एक वीतभर, गिझरमध्ये असते तशी. दुसरी चार घड्या घातलेली, सरळ केली तर माझ्या हाताहून लांब. दोन्ही तीन किलोवॅटच्या. त्याहून जास्त आमच्या घरच्या जुन्या वायरिंगला झेपलं नसतं.

"वीज दोन्ही सारखीच खातात," तो म्हणाला. "पण आखूड कॉइलची सगळी आग वीतभर जागेत. रसाला चालतं. गर मात्र तिच्यावर बसतो आणि करपतो. लांब कॉइलवर तीच आग पसरते."

"पसरलेल्या आगीला आग म्हणतात का? आखूड दे. लवकर उकळेल."

"अहो काका, ऐका तरी..."

"तुझा बाप शेंबडा होता तेव्हापासून मी रकिया गाळतोय!"

ते खरंच होतं. चाळीस वर्षं शरद ऋतू आला की फळांची ही दारू गाळायला मिलिसावचा चाकांवरचा तांब्याचा हंडा आमच्या मोरावा नदीकाठच्या गावात अंगणाअंगणांतून फिरायचा. बायका त्याच्या खालच्या विस्तवावर मिरच्या भाजून घ्यायच्या. झाकणातून वर आलेला दांडा तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरवायचा, तळाला गर लागू नये म्हणून. हात फिरता आणि तोंड चालू. मी लग्नाआधी त्याला प्रथम पाहिलं ते असंच, आमच्याच अंगणात. माझे वडील म्हणाले होते, "याच्या हातचं करपत नाही. मुलगी द्यायला हरकत नाही."

गेल्या वर्षी करपलं. उजवा खांदा गेला होता त्याचा. लाकडं मी आणली, पण दांड्याला त्याने मला हात लावू दिला नाही. दहा फेरे झाले की थांबायचा, धापा टाकायचा. पुढे आमच्या घरच्या संताचा दिवस आला. पाहुणे जेवले, आशीर्वाद देऊन गेले. आमच्याकडे पाहुणा पेला रिकामा केल्याशिवाय उठत नाही. त्या दिवशी सगळे पेले भरलेलेच राहिले. मी ते एकेक करून मोरीत ओतले. मिलिसाव पलीकडच्या खोलीत बसून ऐकत होता. पुढे वर्षभर आम्ही दोघांनी त्याचा विषय काढला नाही.

विस्तवाऐवजी वीज घेऊनही यंदा तसंच झालं असतं, तर आंबवलेल्या आलुबुखाऱ्यांची पिंपं शेजारच्या राडेंकोच्या नव्या भट्टीवर न्यावी लागली असती. मग मिलिसावला कोणी कधी काही विचारलं नसतं.

"मिलिसाव," मी दुकानात म्हटलं, "पेले."

एवढंच. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताने लांब कॉइल उचलली, वजन घेतल्यासारखी तोलली.

"ही दे," तो ल्युबिंकोला म्हणाला. "म्हातारीला घाई नाहीये."

पुढच्याच आठवड्यात ल्युबिंको घरी येऊन कॉइल बसवून गेला. दांड्याची पाती कॉइलला लागू नयेत म्हणून त्याने वर सरकवली. "आता ढवळायचं कारण नाही, काका," असं बजावूनही गेला.

रगडा घातला, बटण दाबलं. धूर नाही, ठिणगी नाही. मिलिसाव स्टुलावर बसला. राडेंको कुंपणावरून डोकावला.

"काका, रकिया गाळताय की कपड्यांना इस्त्री करताय?"

"तुझ्या तोंडावर फिरवायला इस्त्री तापवतोय. ये की असा जवळ!"

राडेंको हसत गेला. मिलिसाव हसला नाही. तासामागून तास गेले. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं गोल गोल फिरत होती. त्याला ते कळत नसावं.

दुपार कलली तेव्हा नळीतून धार सुरू झाली. पहिली धार पीत नाहीत, सांधे चोळायला ठेवतात. तीच घेऊन मी त्याचा खांदा चोळला. मग खरी आली. त्याने पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, घोट घेतला.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. पेला माझ्याकडे दिला. मीही घोट घेतला. करपल्याचा वासही नव्हता.

"चांगली झालीय रे."

"हो. कोणीही केली असती."

मी पेला धुऊन पालथा घातला. मग हंड्याकडे पाहत म्हटलं, "अरे, जरा ढवळतोस का? मला वाटतं, तळाला लागतंय."

"तो पोरगा म्हणाला ना, कारण नाही म्हणून."

"त्याला काय कळतंय! त्याचा बाप शेंबडा होता तेव्हापासून..."

मिलिसावने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलतेय हे त्याला कळलं होतं. गुडघ्यावर हात टेकून तो उठला. उजवा हात वर जाईना, म्हणून डाव्याने दांडा धरला आणि सावकाश फिरवू लागला.