काकांची लख्ख रांग

काकांनी अँटिबॉडी मोजून घेतल्या आणि घरात राहणं मुश्कील करून टाकलं. आकडा म्हणे इतका मोठा, की मशीननेच हात टेकले. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा त्यांनी थांबवून हे ऐकवलं. करोनाचा नवा व्हेरियंट आलाय म्हटलं तर हसले. बूस्टर नको, मास्क नको, आणि जुन्या ऑफिसातल्या दोस्तांच्या मेळाव्याला जायचं म्हणजे जायचंच.

पण घरात काकू होती ना! तिला किडनी बसवलेली. शरीराने ती झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू, त्यामुळे लस घेऊनही तिच्या अंगात अँटिबॉडी नावापुरत्याच. काका बाहेरून जे आणतील ते थेट तिच्या जिवावर. विषाणूंच्या लॅबमध्ये काम करणारी पुतणी घसा फोडून सांगत होती, की तो आकडा जुन्या विषाणूवर मोजलेला आहे. काका म्हणाले, तू कालची पोर.

पुढे लॅबला लस घेतलेल्यांचं रक्त हवं होतं, तर हेच बाही सरसावून सगळ्यांच्या आधी हजर. लॅबने प्लेटमधल्या बारक्या खळग्यांत जिवंत पेशी वाढवल्या, काकांच्या रक्तातलं पाणी विषाणूत मिसळून त्यावर सोडलं, एका रांगेत जुना विषाणू, दुसरीत नवा. शेवटी जांभळा रंग. पुतणीने फोनवर फोटो दाखवला: जुन्याची रांग गर्द जांभळी, नव्याची काचेसारखी लख्ख.

"बघ, नव्याचा मागमूस तरी आहे का? पार धुऊन काढला," काका म्हणाले, आणि ती तोंड उघडेपर्यंत फोटो फॅमिली ग्रुपवर गेलासुद्धा. मेहुण्याने लगेच टाळ्या पाठवल्या.

"काका, जांभळ्या आहेत त्या जिवंत पेशी. लख्ख दिसतंय तिथल्या मेल्या आणि धुऊन गेल्या. नव्याला तुम्ही अडवलंच नाहीत."

काकांना पुतणीवर नाही, लॅबच्या रंगावर संशय आला. भेसळीचा असणार. बरं, मला काय होईल ते सांग, म्हणाले. आता खोटं कसं बोलणार? लसीने शरीर अँटिबॉडीशिवाय इतर मार्गांनीही लढायला शिकतं, तुम्ही बहुतेक आडवे पडणार नाही, असं तिला कबूल करावं लागलं. तेवढंच ऐकून स्वारी मेळाव्याला.

काकू कामाला लागली. काका परतले तेव्हा त्यांची गादी, टॉवेल, चहाचा कप सगळं बाहेरच्या खोलीत मांडलेलं आणि मधल्या दाराला आतून कडी. तिथेच त्यांना ताप भरला, थोडे कण्हले, आणि उठून बसले की लगेच दाराशी.

"मला झालं का काही? चालली ना लस?"

"चालली की," काकू आतून म्हणाली. "तुमच्या अंगात चालली. माझ्या अंगात कुठे चालणार होती?"

बाहेर काकांची पावलं दारापासून मागे सरकली. आत काकूजवळ बसलेल्या पुतणीला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं.

"अगं," काका म्हणाले, "आता आकडा अजून वाढला असेल, नाही? परत मोजून येऊ का?"

काकूने हात लावून पाहिलं, कडी नीट बसलीय ना.