दोनशे चौदावी ओळ

यादीतल्या शेवटच्या, दोनशे चौदाव्या ओळीवर तिने बोट टेकवलं आणि ती थांबली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दूध पाजायची नळी, सगळ्यात बारीक. दीड वर्षातली मागणी शून्य. डोंगराकडच्या गोदामात साठा, दोन खोकी.

कंपनी दवाखान्यांना सामान पुरवायची. आजवर प्रत्येक विभाग आपापल्या पद्धतीने साठा ठरवायचा; आता सगळ्या देशांसाठी एकच सॉफ्टवेअर येणार होतं. कोणती वस्तू विभागाच्या हाती ठेवायची आणि कोणती मुख्यालयाच्या, ही विभागणी तिच्या गळ्यात पडली होती. प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: प्रादेशिक किंवा जागतिक. दीड वर्ष हललं नाही ते जागतिक, म्हणजे सहा दिवसांच्या वाटेवरच्या मोठ्या गोदामात. आधीच्या दोनशे तेरा ओळी तिने झरझर उरकल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीआधी यादी साहेबांकडे जायची होती.

तिने फोन उचलला. डोंगराकडचं गोदाम सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे काकाच म्हणत. हा माल चुकून पडून राहिलाय का, असं तिने विचारलं, तर ते हसले. एकच चूक अकरा वर्षं नेमाने कोण करतं, म्हणाले. दरड कोसळली की तिथला रस्ता आठवडाभर बंद असतो, हेही त्यांनी सहज सांगितलं.

"पण मागणी शून्य आहे, काका."

"शून्य आहे तोवर बरंच आहे की, ताई. ज्या दिवशी एक होईल, त्या दिवशी ते बाळ सहा दिवस थांबणार आहे का?"

तिची नजर मोबाइलकडे गेली. लेकीच्या पाळणाघराचा निरोप नव्हता. तिने 'प्रादेशिक'वर खूण केली, तसा जबाबदार व्यक्तीचा रकाना उघडला. तो रिकामा राहिला तर ओळ आपोआप जागतिक होणार होती.

काकांनी आपलं नाव घालू दिलं नाही. तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, आणि बायकोने कामांची यादी आत्ताच करून ठेवली होती. त्यात, म्हणाले, सगळं प्रादेशिकच आहे. त्यांच्या जागी कोण येणार हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिने स्वतःचं नाव लिहिलं.

साहेबांनी यादी चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं. दोनशे तेरा सरळ नि ही एकच वाकडी का, असं त्यांनी विचारलं.

"एवढ्या एकीबद्दलच मी कुणाला तरी विचारलं, म्हणून," ती म्हणाली, आणि स्वतःचंच वाक्य तिला दिवसभर टोचत राहिलं.

संध्याकाळी तिने लेकीची पिशवी रिकामी केली. तळाशी जादा झबलं, घडीही न मोडलेलं. पाच महिने ते रोज जात होतं आणि तसंच परत येत होतं. पोरगी पाळणाघरात जाते की मोहिमेवर, ही नवऱ्याची ठरलेली थट्टा. आज काय वाटलं कोण जाणे, तिने ते लेकीच्या अंगाला लावून पाहिलं. बेंबीच्याही वर राहिलं. नवरा खो खो हसला. ती हसली नाही. तिने काकांना निरोप पाठवला, त्या नळ्यांना मुदत असते का?

उत्तर लगेच आलं. "असते. दर दोन वर्षांनी खोकी बदलून घेतो. पुढची पाळी चार महिन्यांनी. तेव्हा मी नसेन, ताई."

तिने मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेवली. कपाटातून मोठं झबलं काढून, घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवलं. मग पुन्हा मोबाइल हातात घेतला.

"आता कुणाला?" नवऱ्याने विचारलं.

"साहेबांना. यादी परत मागतेय. दोनशे तेरा ओळींबद्दल विचारायचं राहिलंय."